ब्रश पुसायचं दार

रंगमावशीला 'नाही' म्हणता येत नसे. घरात म्हणायची, पोराला तर उठता-बसता ऐकवायची; पण परकं माणूस मोडकं स्टूल नाहीतर पोपडे उडालेली फ्रेम घेऊन उंबऱ्याशी उभं राहिलं, की तो शब्द घशापर्यंत यायचा, समोरच्याचं तोंड बघायचा आणि आल्या पावली माघारी पोटात जाऊन बसायचा. बाहेर पडायचं ते भलतंच.

"ठेव तिथं कोपऱ्यात. बघते."

त्या कोपऱ्याचं काय सांगावं! कधीकाळी तो खरोखरच कोपरा होता. मग त्यानं हातपाय पसरले आणि बाहेरची खोली निम्मी गिळली. तिथं खुर्च्यांवर खुर्च्या उलट्या चढल्या होत्या, कपाटाविना नुसते खण होते, एका कानाचा लाकडी घोडा होता, आणि एक आरसा होता, जो आपला आहे याचा त्याच्या मालकाला बहुधा विसर पडला होता. आतल्या खोलीत जायचं तर माणसानं पोट आत घ्यायचं आणि आडवं होऊन सरकायचं. मावशीचा मुलगा अंगानं भरलेला, लहानपणापासून सगळे त्याला ढब्बू म्हणत. टेम्पो लावून घरी आला की तो दारातूनच ओरडायचा, "आई, आज कुठला रस्ता चालू आहे?"

ओल्या रंगाचे कायदे आणखी निराळे. एखाद्या वस्तूला शेवटचा हात दिला, की पंखा बंद. केर काढायचा नाही, चादर झटकायची नाही, केस विंचरायचे ते मोरीत जाऊन. धुळीचा एक कण जरी बसला, तरी पुन्हा काचपेपर, पुन्हा घासणं, पुन्हा रंग. सून नवी नवी होती तेव्हा बिचारी चवड्यांवर चालायची. आता तिला कंठ फुटला होता.

"लग्नाआधी कुणी सांगितलं असतं ना, की या घरात शिंकायलासुद्धा परवानगी लागते, तर..."

"तर काय?" ढब्बू विचारायचा.

"तर सगळं शिंकून मग आले असते."

मावशी हसायची नाही. ब्रश ओढून होईपर्यंत तिचा श्वास धरलेला असायचा. हसलं की हात हलतो.

रविवारची संध्याकाळ म्हणजे तर कहर. सोमवारी शाळेत प्रकल्प द्यायचा असतो हे गल्लीतल्या आईबापांना रविवारी उन्हं उतरल्यावर आठवायचं. मग पुठ्ठ्याचे ज्वालामुखी, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, मातीचे डायनोसॉर अशी वरातच मावशीच्या दारी लागायची. एका बापानं शहाणपणा करून थर्माकोलच्या शनीला घरच्या घरी ऑइलपेंट फासला. रंगानं बघता बघता शनी खाऊन टाकला. बाप नुसतं पुठ्ठ्याचं कडं हातात घेऊन दारात हजर.

"मावशी, कडं शाबूत आहे. आत बसवायला काहीतरी द्या."

मावशीनं कागदाचा लगदा करून नवा शनी वळून दिला, वाळवून, रंगवून दिला. शिक्षिकेनं त्या पोराला शाबासकी दिली. बाप ते सांगायला मुद्दाम आला आणि येताना भाच्याचा गुरू ग्रह घेऊन आला.

लोक म्हणायचे, मावशीचा जीव रंगात आहे. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी ते म्हटलं होतं, की त्याला आता 'नाही' म्हणणंही तिच्या हातात राहिलं नव्हतं. खरी गोष्ट अशी, की मावशी दमली होती. सकाळी उठल्यावर माणूस ताजंतवानं असतं म्हणतात. ती उठायची तीच मुळी काल संध्याकाळची राहिलेली दमणूक अंगावर घेऊन. काचपेपर धरून धरून बोटांच्या टोकांवरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. जेवणाला टर्पेंटाइनची चव, उशीला टर्पेंटाइनचा वास. तिला थांबायचं होतं. एवढंच. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलायला गेलं तर कारण सांगावं लागतं, आणि 'दमले' हे कारण लोकांना पुरत नाही. "चार दिवस विश्रांती घे, होशील ताजी," म्हणतात आणि वस्तू कोपऱ्यात ठेवून जातात.

आणि तिच्या या अडकण्याचं मूळ होतं तिच्याच घराच्या दारांवर.

नवरा होता तेव्हाची गोष्ट. तो सुतार. तो घडवायचा, ही रंगवायची. एकदा निळं कपाट रंगवून झालं आणि ब्रश पुसायला चिंधी सापडेना, म्हणून हिनं तो आतल्या दाराच्या मागच्या अंगाला दोनदा ओढला आणि मोकळी झाली. नवरा म्हणाला, "वा! आता स्वयंपाकाचे हात माझ्या सदऱ्याला पूस." पण पुढं वर्षा-दोन वर्षांनी तेच निळं गिऱ्हाईक परत आलं. कपाटाला साजेसं टेबल हवं, आणि निळा अगदी तोच. कंपनीच्या डब्यातला तयार रंग तिनं कधी तसाच वापरला नव्हता. काहीतरी मिसळायची, हाताला आलं तसं. आता तो निळा आणायचा कुठून? दोघं डोक्याला हात लावून बसली, आणि समोर दारावर तो होता. तिनं डब्यात रंग कालवला, काडीनं दारावरच्या रेघेशेजारी लावला, पुन्हा कालवला, जुळवला. टेबल कपाटाशेजारी ठेवल्यावर गिऱ्हाईक बघतच राहिलं.

त्या दिवसापासून ब्रश पुसायचा तो दारावरच, असा रिवाज पडला. एक दार भरलं, दुसरं भरलं. मग खिडकीच्या झडपा, मग घरातल्या मोठ्या कपाटाच्या दोन्ही बाजू. नवरा गेला तरी रेघा वाढतच राहिल्या. कुठं काही लिहिलेलं नाही. वरच्या बिजागरीपाशी डॉक्टरांच्या पाळण्याचा पिवळा, कडीच्या खाली बेकरीवाल्याच्या फळ्यांचा मातकट, कपाटाच्या उजव्या बाजूला सगळे तांबडे-किरमिजी, शिसवी दिसावं म्हणून साध्या लाकडाला द्यायचे ते. पाहुण्याला वाटावं, या घरात पोपटांची मारामारी झाली. पण गावभर झालं होतं, की मावशीकडे गेलेला रंग हरवत नाही. पाळण्यात होती ती पोरं आता आपल्या पोरांसाठी तोच पिवळा मागायला येत. दारं होती तोवर मावशीची सुटका नव्हती.

एके दिवशी मनगट सुजून टोमॅटोसारखं झालं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "हाताला विश्रांती. छातीलाही. त्या वासातून काही दिवस लांब जा."

ती बहिणीकडे गेली. बहीण धाकटी, जिभेची तिखट. म्हणाली, "इथं तुला रंगवायला काही मिळायचं नाही. फारच हात शिवशिवले तर मी बसते समोर, मला फास." मावशी तिथं नुसती झोपली. जेवायला उठायची आणि ताटावरून पुन्हा अंथरुणावर. बहीण जाऊबाईला सांगायची, "पाहुणी आहे म्हणतात, मला तर कुणी गोणी ठेवून गेल्यासारखं वाटतंय."

मावशी घरी परतली ती दुपारची. दारात ढब्बू आणि सून शेजारी शेजारी उभे, जणू शाळेची तपासणी आहे.

"आई, डोळे मिट," ढब्बू म्हणाला.

"पायऱ्या आहेत रे, पडेन."

"मी धरतो. मिट तर."

तिनं मिटले. आत नेऊन त्यानं म्हटलं, "आता उघड."

घर पांढरं होतं. आतलं दार पांढरं, दुसरं दार पांढरं, झडपा पांढऱ्या, कपाट इकडून तिकडून पांढरं. कोपऱ्यातलं सामानही त्यानं नीट एकावर एक लावून भिंतीला सारलं होतं. खोली एवढी मोठी असल्याचं मावशी विसरूनच गेली होती.

ढब्बू घाईघाईनं बोलू लागला. "तुला आराम पडावा म्हणून केलं. घर कसं उजळ दिसेल, तुला बरं वाटेल, असं वाटलं. म्हणजे, सगळं झाल्यावर ही म्हणाली, अहो, आता आईंना लोकांचे रंग कुठून कळायचे? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई, शप्पथ, मला तो नुसता राडा वाटायचा गं. लहानपणापासून बघत आलोय म्हणून..."

सुनेनं पाण्याचा तांब्या तयारच ठेवला होता. आईंनी टाहो फोडला तर असावा म्हणून.

मावशीनं दारावरून बोट फिरवलं. "खाली लाख मारली होती का?"

"लाख? लाख कशाला?"

"काही नाही," मावशी म्हणाली, आणि आत जाऊन पलंगावर पडली. दोघांना वाटलं, धक्का बसला. बाहेर कुजबुज सुरू झाली. "तू जा." "तुमची आई आहे, तुम्ही जा."

आत मावशी छताकडे बघत होती. छातीवरून कुणीतरी भरलेला डबा उचलून नेल्यासारखं तिला वाटत होतं. संपलं. आता कुणी विचारलं तर दाराकडे बोट दाखवायचं. आपण नाही म्हणायचंच नाही, दार म्हणेल.

आणि दारानं म्हटलंही. पहिल्यांदा आला तो बेकरीवाला, त्याला आणखी एक फळी रंगवून हवी होती. मावशीनं पांढरं दार दाखवलं. "गेले हो रंग. पोरानं सगळं पुसून टाकलं." बेकरीवाला चुकचुकला, ढब्बूकडे बघून मान हलवली आणि फळी घेऊन गेला. मग पाळण्यावाले आले, तेही गेले. मावशी दुपारी झोपायला लागली. अशी सोपी सुटका होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पण प्रत्येक चुकचुकण्यासरशी ढब्बू मात्र बोटभर बारीक होत होता. एवढा आडवातिडवा गडी, जेवताना ताटाकडेच बघत बसायचा. मावशीला ते दिसत होतं. पोराच्या डोक्यावर आपण आपलं ओझं ठेवलंय हेही तिला कळत होतं. पण सांगायला गेलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिनं तोंडात मूग धरले.

मग कपाट लाल झालं. आधी नुसती गुलाबी झाक, गालावर यावी तशी. मग ठिपके, मग ओघळ. कपाटाच्या उजव्या बाजूला जिथं तांबडे-किरमिजी होते तिथून ते पांढऱ्यातून वर येऊ लागले. ढब्बूनं आणखी एक हात दिला. वाळेपर्यंत पांढरं, वाळल्यावर पुन्हा गुलाबी. त्यानं आणखी एक दिला. सून म्हणाली, "अहो, याला गोवर आलाय. डॉक्टरांना दाखवा."

"आई, हे काय होतंय?"

"तांबडा फुटतोय. त्याच्यावर आधी लाखेचा हात द्यायला लागतो, स्पिरिटमध्ये विरघळवून. मग तो दबतो. नाहीतर दहा हात दिलेस तरी वर येणार."

"मग त्या दिवशीच सांगायचंस ना!"

"तू घर रंगवण्याआधी विचारायचंस ना."

ढब्बू ओशाळला. पण पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा उजळला. "थांब. म्हणजे खालचे रंग तसेच आहेत! आई, पांढरा वरवरचा आहे. मी खरवडतो. हळूहळू, एक एक दार. तुझे सगळे रंग तुला काढून देतो!"

मावशी दाराला पाठ लावून उभी राहिली. "हात लावलास तर बघ."

"अगं, माझ्यासाठी मन मारू नकोस. माझी चूक आहे, मी निस्तरणार."

आणि खरंच, रविवारी सकाळी तो पत्रा घासायचं पातं घेऊन दारासमोर मांडी घालून बसला. मावशी शेजारी बसून त्याला थोपवायला बघत होती. दार मोकळं झालं की सगळे परत येणार, तिला दिसतच होतं. तेवढ्यात जिन्यावर ठक-ठक झालं आणि नर्सबाई आत आल्या, हातात हिरवी खुर्ची.

या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. सगळ्यांना अरे-तुरे करायची वॉर्डातली सवय अजून सुटली नव्हती. त्यांच्या घरच्या सगळ्या खुर्च्या हिरव्या, सगळ्या मावशीच्या हातच्या. या खुर्चीचे तीन पाय हिरवे होते आणि चौथा नवाकोरा, कच्च्या लाकडाचा.

"पाय बदलून घेतला गं. आता माझा हिरवा लाव त्याला," बाई म्हणाल्या.

मावशीनं सवयीनं दाराकडे बोट दाखवलं. "रंग गेले बाई. बघा ना."

"अगं आई गं! हे कुणी केलं?"

"मी केलं," ढब्बू उठून उभा राहिला. हातातलं पातं त्यानं पाठीमागे लपवलं. "पण काकू, तुम्ही काळजी करू नका. आईला दार लागतच नाही. लहान होतो तेव्हापासून बघतोय ना मी. आधी डब्यात रंग कालवून व्हायचा आणि मग ती दाराशी न्यायची. नुसतं ताडून बघायला. माझ्यासमोर एकदाही परत कालवावा लागला नाही तिला. तुमचा हिरवा तर मलाही सांगता येईल. निळा, पिवळी माती, थोडा काळा, आणि शेवटी तांबड्याचा एवढासा थेंब, हिरव्याचा भडकपणा मारायला. हो ना गं आई?"

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. पोराचं कधी लक्षच नाही या कामात, असं ती आयुष्यभर धरून चालली होती. तो दारातून ओरडत यायचा, आडवा होऊन आत जायचा, आणि जाता जाता सगळं बघून ठेवायचा. बरोबर सांगितलं होतं त्यानं. थेंबासकट. आणि केवढ्या प्रेमानं पुन्हा दोरी आणून तिच्या गळ्यात घातली होती.

"मग झालं तर!" नर्सबाईंनी खुर्ची उचलली. "ठेवते कोपऱ्यात. घाई नाही, तुझ्या सवडीनं कर."

'ठेवा तिथं' हे शब्द मावशीच्या जिभेवर आलेच होते. पुष्कळ वर्षांची वाट पायाखालची, शब्द आपले आपणच चालत निघाले होते.

"नको," ती म्हणाली.

खुर्ची अधांतरी राहिली. "काय?"

"नका ठेवू. येतो मला तो हिरवा. याचं म्हणणं खरं आहे, दार नसलं तरी येतो. पण मी करणार नाही."

बाईंनी खुर्ची खाली टेकवली आणि तिच्याकडे निरखून पाहिलं, तिथल्या तिथं नाडी बघावी तसं. "मनगट अजून दुखतंय?"

"उतरलं ते. दमले मी."

"मग पुढच्या आठवड्यात आणू?"

"पुढच्या आठवड्यातही नको."

"आई," ढब्बू मध्ये पडला, "घासायचं मी बघतो. तू फक्त रंग कालवून दे, बाकी..."

"तू गप्प बस."

सून आतून येऊन चौकटीत उभी राहिली होती. तिच्याही हातातलं काम थांबलं होतं.

"अगं पण पाय एकच आहे," नर्सबाई म्हणाल्या. रागापेक्षा त्यांना नवल जास्त वाटत होतं. "एवढ्याशा पायाला नाही म्हणतेस? माझी ओळख काय कालची आहे?"

"नाही, बाई. कालची असती तर सोपं गेलं असतं."

"मग या खुर्चीचं मी काय करू?"

"बसा तिच्यावर."

"तीन पाय हिरवे, एक कोरा?"

"बसल्यावर कुणाला दिसतंय?"

बाई हसल्या नाहीत. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मावशीचं मन बदलेल म्हणून असेल. मावशीचं एक मन सारखं म्हणत होतं, काय जातंय, एक पाय तर आहे, दुपारच्या आत होईल. ती खाली फरशीकडे बघत राहिली. वर बघितलं असतं तर हो म्हणाली असती.

बाईंनी खुर्ची उचलली. ढब्बू पुढं झाला. "काकू, टेम्पोनं सोडतो."

"राहू दे. आणली तशी नेईन." आणि त्या गेल्या. खुर्चीचे पाय जिन्याच्या कठड्याला आपटत आपटत खाली गेले, तो आवाज थांबेपर्यंत वर कुणी हललं नाही.

मावशी तिथंच भिंतीला टेकली. फार चांगलं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जुन्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवलं, एवढंच वाटत होतं. पण शब्द माघारी गेला नव्हता. बाहेर पडला होता आणि छत काही कोसळलं नव्हतं.

ढब्बूनं पातं कपाटावर ठेवलं आणि तिच्यासमोर बसला. "आई, तुला हे काम आवडायचं नाही का?"

"आवडायचं की."

"मग?"

"झालं आता." ती थांबली. "तू दारं रंगवलीस ते बरं केलंस. मी रागावले नव्हते. सुटले म्हणून गप्प होते. लोक तुला बोल लावत होते आणि मी तुझ्याआड लपून झोपा काढत होते."

ढब्बू म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस मी फुकटच बारीक झालो?"

"कुठं बारीक झालायत?" सून म्हणाली, आणि पाण्याचा पेला आणून सासूच्या हातात दिला.

पाणी पिऊन झाल्यावर मावशीची नजर भिंतीला सारलेल्या सामानावर गेली. उलट्या खुर्च्या, खण, घोडा. प्रत्येक वस्तूमागं एकेक तोंड उभं होतं, 'कधी देतेस?' म्हणणारं.

"हे सगळं ज्याचं त्याला पोचवून टाक," ती म्हणाली. "टेम्पो आहे ना तुझा."

"पोचवतो. पण काय सांगू त्यांना? आईची तब्येत बरी नाही?"

"खोटं कशाला? बरी आहे मी."

"मग?"

मावशीनं डोळे मिटून घेतले. दारोदारी जायचं, प्रत्येक ठिकाणी तेच, प्रत्येक ठिकाणी 'अगं पण एवढंसंच तर आहे', प्रत्येक ठिकाणी फरशीकडे बघत उभं राहायचं.

"तू नको सांगूस," ती म्हणाली. "मी येते पुढं बसून. मीच सांगते."

"एवढ्या सगळ्या घरी?"

"एवढ्या सगळ्या घरी. पण उद्यापासून," असं म्हणून ती तिथंच, फरशीवर, हाताची उशी करून कलंडली. "आज मला कुणी उठवू नका."